सलग हरणाऱ्या टीमच्या मागे काढलेली वर्षं – तुमचे अनुभव लिहा

काल रात्री जेवताना मुलगा एकदम म्हणाला, "आई, कोच बदलला तर आम्ही जिंकू का गं?" त्याची शाळेची बास्केटबॉल टीम सलग पाच गेम हरलीये. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि २६ डिसेंबर २०२३ ची रात्र अशी डोळ्यासमोर आली की घास तसाच हातात राहिला.

त्या दिवशी आम्ही दोघं डेट्रॉइटच्या लिटल सीझर्स अरेनात होतो. एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) गेम, आपली पिस्टन्स वि. नेट्स. तोपर्यंत सलग २६ हरलो होतो आणि आणखी एक हरलो तर एका सीझनमधल्या सलग पराभवांचा रेकॉर्ड आपल्या नावावर, हे सगळ्या स्टेडियमला माहीत होतं. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, आपला स्टार केड कनिंगहॅमची जर्सी जॅकेटच्या वरून घातलेली कारण आतून घातली तर दिसणार कशी. पहिल्या हाफमध्ये केड शांत होता आणि मग दुसऱ्या हाफमध्ये त्या पोराने जे काही केलं ना, एकूण ४१ पॉइंट्स, अक्षरशः एकटा ओढत होता. तरी ११८-११२ हरलो. त्या महिन्यात घरच्या गेमना लोक "टीम विका" म्हणून ओरडायला लागले होते. मुलाने मला विचारलं हे कोणाला ओरडतायत, केडला का? मी म्हटलं नाही रे, मालकाला. तो पार्किंगपर्यंत गप्प होता. गाडीत बेल्ट लावताना म्हणाला, "परत कधी खेळणार?" परवा, बोस्टनला, मी सांगितलं. "मग परवा बघू." इतकंच.

तेव्हापासून मनात आहे की कोच, डिफेन्स, रीबिल्डिंग यावर आपण मोठी माणसं इतकं भांडतो, पण त्या काळात टीमबरोबर राहिलेल्यांनी नेमकं काय बघितलं ते कोणी लिहीत नाही. तुम्ही कुठल्याही टीमचे असा, लिहा. मुलाला काय उत्तर देऊ तेही सुचवा, मी काल "बघू" म्हणून वेळ मारून नेली.

डावखुरा
ताई बोस्टनचा गेम!! हाफटाइमला ६६-४७ पुढे होतो आपण. मी बायकोला उठवून सांगितलं की आज सुटलो. ओव्हरटाइममध्ये १२८-१२२ गेला. २८ वा. मी टीव्ही बंद करून अंधारात बसलो होतो कितीतरी वेळ.
आणि मी स्पष्ट सांगतो कोचचीच, मॉन्टी विल्यम्सचीच, चूक होती. सहा वर्षांचा करार, पावणेआठ कोटी डॉलरच्या पुढे, तेव्हा लीगच्या इतिहासातला कोचचा सगळ्यात मोठा करार, आणि सीझनच्या सुरुवातीला जेडन आयव्हीला बेंचवर बसवून किलियन हेजला स्टार्ट. मधेच पाचच्या पाच बेंचवरचे प्लेअर एकदम मैदानात, त्यात स्वतःहून शॉट तयार करणारा एकही नाही, तीन-चार मिनिटांत लीड साफ. हे मी एकदा नाही कितीतरी वेळा बघितलंय.

वीकसाइड
डावखुरा, बेंचच्या लाइनअपबद्दल मान्य. पण हाच कोच २०२१ ला फिनिक्सला फायनलला घेऊन गेला होता, पुढच्या वर्षी ६४ जिंकले, कोच ऑफ द इयर झाला. माणूस दोन वर्षांत खेळ विसरत नाही. मी तेव्हा गेम रेकॉर्ड करून परत परत बघायचो म्हणून लिहितोय. आपला खरा प्रॉब्लेम डिफेन्सच्या आधी सुरू व्हायचा. टर्नओव्हर. पोरं विशी-एकविशीची, पास हातातून जायचा आणि समोरची टीम पळत सुटायची, मग पाच जण मागे येऊन उभे राहायला वेळच नाही तर कसला डिफेन्स. लोक स्कोअर बघून म्हणतात डिफेन्स नाही. अहो डिफेन्स मांडायलाच मिळत नव्हता.
आणि जेव्हा मांडायला मिळायचा तेव्हा दुसरी गोष्ट. पिक अँड रोलला, म्हणजे समोरचा एक जण आपल्या गार्डच्या वाटेत आडवा उभा राहून (स्क्रीन) बॉलवाल्याला मोकळं करतो तेव्हा, आपला सेंटर मागे बास्केटजवळ राहणार, ड्रॉप, ठीक. पण मग बॉलवाल्याच्या मागून गार्डने स्क्रीनवरून लढत यायला हवं, आणि लांबच्या कोपऱ्यातल्याने एक पाऊल आत येऊन परत कोपऱ्याकडे धावायला हवं. ते परत धावणं व्हायचंच नाही. कोपऱ्यातून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) म्हणजे २२ फूट, बाकी आर्क पावणेचोवीस, सगळ्यात जवळचा थ्री आपण मोकळा द्यायचो. ऑसर थॉम्पसन एकटा पोरगा जीव तोडून पळायचा, पण त्याला शूटिंग नाही म्हणून समोरचा डिफेन्डर त्याला सोडून केडच्या अंगावर. म्हणजे डिफेन्स सुधारायला जावं तर ऑफेन्स अडकतो. यात कोच काय करणार.

बेंचवरची
वीकसाइड +१. बाकी नंतर लिहिते, बाळ उठलं

ओव्हरटाइम
२८ चं दुःख मला सांगू नका, मी शार्लटमध्ये शिकत होतो २०११-१२ ला. बॉबकॅट्स. लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या कराराच्या वादात लीग बंद होती) सीझनच ६६ गेमचा होता आणि आम्ही ७ जिंकलो. सात. ५९ हरलो. शेवटचे २३ सलग. टक्केवारीत लीगच्या इतिहासातला सगळ्यात वाईट सीझन आजही तोच आहे. शेवटी शेवटी हॉल इतका रिकामा असायचा की वरच्या मजल्यावरच्या आम्हा चौघांना तिथला एक आजोबा माणूस हाताने खुणावून खाली बोलवायचा, "या, जवळ बसा." तिथून प्लेअरचे बूट घासल्याचा आवाज यायचा. मी इतक्या जवळून बास्केटबॉल त्या वर्षीच बघितलं आणि तेव्हा कळलं की हरणारी टीमसुद्धा किती जोरात खेळते.
मग लॉटरी, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू आधी कोण निवडणार (पिक) त्याची सोडत. त्या वेळी सगळ्यात वाईट टीमला पहिला पिक मिळायची शक्यता २५ टक्के. सगळे अँथनी डेव्हिसची वाट बघत होते. तो गेला न्यू ऑर्लिन्सला. आम्हाला दुसरा पिक.
तो आजोबा अजून आठवतो.

निळीजर्सी
फिलाडेल्फिया इथे. २०१३-१४ ला सलग २६, २०१५-१६ ला १०-७२. आमच्याकडे तर ते चांगले पिक मिळावेत म्हणून ठरवून होतं, प्रोसेस म्हणायचे. नवरा पूर्ण बाजूने, मी पूर्ण विरोधात, आणि घरात यावरून इतके वाद झालेत की शेवटी गेम चालू असताना हिंकी (टीमचा तेव्हाचा जनरल मॅनेजर) हे नाव काढायचं नाही असं ठरलं आमचं. मला त्रास याचा व्हायचा की खेळाडू मुद्दाम हरत नाहीत हो. ते पोरगं दहा दिवसांच्या करारावर आलेलं असतं, त्याचं आयुष्य त्या दहा दिवसांवर असतं, तो बॉलसाठी जमिनीवर झेप घेतो. हरण्याचा निर्णय वर ऑफिसात होतो आणि घाम याचा जातो. कोच ब्रेट ब्राउन रोज प्रेसपुढे येऊन उभा राहायचा, कधी कुणावर ढकललं नाही त्या माणसाने. एप्रिल २०१६ ला हिंकीने राजीनामा दिला, नवरा दोन दिवस नीट बोलत नव्हता.
पण त्या काळात ड्राफ्टमध्ये मिळालेला एम्बीड दोन वर्षं दुखापतीत बसून जेव्हा २०१६ ला पहिल्यांदा खेळला तेव्हा आम्ही दोघंही रडलो हेही खरं आहे. नंतर दुसऱ्या फेरीपुढे गेलो नाही. म्हणून म्हणते, इतकी वर्षं हरून मिळवलं काय हा प्रश्न मला अजून सुटत नाही.

डावखुरा
वीकसाइड, टर्नओव्हरचा मुद्दा बरोबर आहे पण पोरांना शिकवणं कोचचंच काम ना? आणि २८ गेममध्ये एकदा तरी लाइनअप वेगळी करून बघायला नको?

वीकसाइड
शिकवणं कोचचं, मान्य. पण मैदानात ओरडून जागेवर उभं करणारा एक तरी जुना प्लेअर लागतो. पुढच्या वर्षी टोबायस हॅरिस आला, बीझली, हार्डवे आले, कोपऱ्यात उभे राहून शॉट मारणारे, आणि बघा केडला एकदम जागा मिळाली. कोच पण बदलला हे खरं. दोन्ही एकदम झालं म्हणून नेमकं कशाने झालं ते सांगता येत नाही आणि म्हणूनच आपण अजून भांडतोय.

जुनापॅलेस
मी २००४ मध्ये ऑबर्न हिल्सजवळ राहायचो, पिस्टन्सचं जुनं स्टेडियम, पॅलेस, तिथेच होतं, सासरे आले होते सहा महिन्यांसाठी. त्यांना बास्केटबॉल अजिबात माहीत नव्हतं, इंग्लिश कॉमेंटरी कळायची नाही, पण रोज माझ्याबरोबर बसायचे. त्यांनी स्वतःचं एक माप काढलं होतं. समोरचा शॉट मारतो तेव्हा आपल्या किती जणांचे हात वर आहेत ते मोजायचे. "आज चार-चार हात आहेत, जिंकणार." फायनलच्या तिसऱ्या गेमला लेकर्सना ६८ वर रोखलं तेव्हा सासरे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बेन वॉलेस, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, तो त्यांचा लाडका. आपल्या प्रिन्सने इंडियानाच्या रेजी मिलरचा शॉट मागून पळत येऊन ब्लॉक केला तो तर ते पाहुण्यांना हाताने करून दाखवायचे.
२०१७ मध्ये टीम डाउनटाउनला गेली, आणि पॅलेस नंतर पाडलं. सासरेही गेले. २०२३ मध्ये हरत होतो तेव्हा मी नकळत हात मोजायचो. दोन. कधी एक. वीकसाइड यांनी इतकं सविस्तर लिहिलंय ते त्यांना एका नजरेत दिसलं असतं.

बेंचवरची
जुनापॅलेस, काका वाचून डोळ्यात पाणी आलं. बाळाला मांडीवर घेऊन टाइप करतेय.

मी शाळेत-कॉलेजात खेळले आहे, आता सुट्टीच्या दिवशी मुलामुलींना शिकवते म्हणून ताईंच्या मुलाबद्दल थोडं. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना झोन लावून (माणूस न अडवता प्रत्येकाने आपापली जागा राखायची) उभं करतात बरेच कोच, कारण त्याने लगेच गेम जिंकता येतात, त्या वयाला लांबून शॉट पडत नाहीत ना. पण मग पोरं समोरच्या माणसाला अडवायला शिकतच नाहीत. मी पहिला महिना फक्त तीन गोष्टी करते. खाली वाकून सरकणं, बॉलवाल्याकडे धावत जाऊन शेवटची दोन पावलं छोटी छोटी टाकून थांबणं, आणि बोलणं. बोलणं सगळ्यात अवघड. "स्क्रीन डावीकडे" एवढं ओरडायला पोरं लाजतात. माझ्याकडे एक मुलगी आहे, दोन महिने तोंड उघडलं नाही, एकदा तिच्या मैत्रिणीला न सांगितल्यामुळे जोरात धडक बसली, त्या दिवसापासून पूर्ण हॉलभर हिचा आवाज. पाच गेम हरणं काहीच नाही हो. मुलगा घरी आल्यावर त्याला स्कोअर विचारू नका, आज कोणाला अडवलंस ते विचारा.

धागाकर्ती
बेंचवरची, हे आजच विचारते. किती साधं आहे आणि मी दर वेळी दारातच स्कोअर विचारते.
जुनापॅलेस, तुमच्या सासऱ्यांचं माप मुलाला सांगितलं, तो लगेच जुने क्लिप लावून हात मोजत बसलाय, गृहपाठ राहिलाय तसाच.

रोटेशन
ओक्लाहोमा सिटीवाला. २ डिसेंबर २०२१, मेम्फिसने आम्हाला १५२-७९ हरवलं, ७३ पॉइंट्सने, लीगमधला सगळ्यात मोठा फरक. माझा भाऊ मेम्फिसचा फॅन, त्याने फोन केला नाही, मेसेज केला नाही, दुसऱ्या दिवशी फक्त "बरा आहेस ना" विचारलं. त्या वर्षी २४-५८. आणि कोच डेग्नॉल्ट, त्याला कोणी हात लावला नाही. तो आमच्याच जी लीग (एनबीएच्या खालची लीग) टीममधून वर आलेला, हरत असताना पण पोरांना तेच तेच शिकवत राहिला. २०२५ ला ६८-१४ आणि चॅम्पियन. तोच कोच. डावखुरा दादा, तुमचा राग समजतो पण मला वाटतं मालकाने आधी सांगायला हवं की आम्ही अमुक वर्षं हरणार आहोत, मग कोचला मोजा. आमच्या इथे ते सगळ्यांना कळलेलं होतं, म्हणून कोणी ओरडलं नाही.

डावखुरा
रोटेशन, आमच्याकडे हाच फरक. त्या वर्षी जिंकायला निघालो होतो, करार त्यासाठीच केला होता. म्हणून लागलं ते. जून २०२४ ला एका सीझननंतर काढलं त्यांना. मला तेव्हा आनंद झाला होता, आता वीकसाइडचं वाचून थोडं वाईट वाटतंय.
आणि लॉटरी तर बोलूच नका. दोन वर्षं सलग शेवटचा नंबर आणि दोन्ही वर्षी पाचवा पिक. तेव्हा तळाच्या तिघांना पहिल्या पिकची सारखीच १४ टक्के शक्यता होती, शेवटची टीम पाचव्याच्या खाली जात नव्हती एवढंच, आणि आम्ही दोन्ही वेळा बरोब्बर तिथेच.

ओव्हरटाइम
डावखुरा, ये मित्रा जवळ बस. माझ्याकडे अनुभव आहे.

निळीजर्सी
वेगळा विषय, पण बेंचवरची, तुम्ही मुलींना गुडघ्यासाठी काय करून घेता? माझी मुलगी तेरा वर्षांची, उडी मारून उतरताना गुडघे आत जातात. कोच म्हणतो वाढीचं वय आहे, मला पटत नाही.

बेंचवरची
पटू देऊ नका. मुलींमध्ये एसीएलची (गुडघ्यातला लिगामेंट) दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, उतरायची पद्धत शिकवलीच पाहिजे. छोट्या पायरीवरून उडी, दोन्ही पायांवर, गुडघे पंजाच्या रेषेत, मऊ उतरणं, आवाज न करता. मांडीच्या मागचे आणि कमरेचे स्नायू बळकट करायचे. सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यात दोन-तीनदा. दुखत असेल तर मात्र आधी फिजिओला दाखवा. व्यनि (खाजगी मेसेज) करते.

जुनापॅलेस
न्यूयॉर्कविरुद्ध प्लेऑफचा दुसरा गेम, एप्रिल २०२५, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. प्लेऑफमध्ये सलग १५ हरलो होतो, शेवटचा जिंकलेला २००८ चा. जिंकल्यावर बायकोने सासऱ्यांच्या फोटोकडे बघून हात वर केले. दोन्ही. त्या सीझनला ४४ जिंकलो होतो, आधीच्या वर्षी १४. जिंकलेल्या गेमचा आकडा एका वर्षात तिप्पट करणारी लीगमधली पहिलीच टीम. सिरीज ४-२ हरलो, पण गेम सहापर्यंत हात वर होते, मी मोजले.

धागाकर्ती
३० डिसेंबरचं लिहायचं राहिलंच. टोरॉन्टोविरुद्ध १२९-१२७. २८ पराभवांनंतरचा पहिला विजय. आम्हाला तिकिटं नव्हती, घरीच होतो. शेवटच्या मिनिटाला मला बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिकडून फक्त मुलाचे पाय ऐकू येत होते, सोफ्यावरून खाली, परत वर. मग शांतता. मग तो आत आला आणि काही न बोलता मला मिठी मारली, जर्सी दोन दिवस काढली नव्हती त्याने.

त्याला विचारलं आत्ता, आज कोणाला अडवलंस. म्हणाला त्यांच्या सात नंबरला, दोनदा, एकदा फाउल झाला. मग स्वतःहून वीस मिनिटं बोलत होता. शनिवारी सकाळी नऊला गेम आहे, त्याचा एक मोजा सापडत नाहीये, जाते.