शब्दचर्चा : ‘व्हर्च्युअल आयपी’ला ‘आभासी पत्ता’ म्हणावे का?

खानापूरकर : बेळगावच्या विद्यार्थ्यांसाठी क्लाउड नेटवर्कवर मराठीत टिपण लिहीत आहे. ‘व्हर्च्युअल आयपी’ला ‘आभासी पत्ता’ आणि ‘हाय अव्हेलेबिलिटी’ला ‘अखंड सेवा’ चालेल का? ‘व्हीआयपी’ हे छोटे रूप टाळतो आहे. हिवाळी अधिवेशन भरणाऱ्या गावात त्याचा अर्थ मंत्र्यांचा ताफा.

निपाणीकर : ‘आभासी’ नको. पत्ता खरा असतो, पॅकेट त्याच्यावरच येतात. तो फक्त एका मशीनला कायमचा बांधलेला नसतो. १०.०.०.११ आणि १०.०.०.१२ ही दोन मशीन, १०.०.०.५० हा तिसरा पत्ता आज हिच्याकडे, ती बंद पडली की तिच्याकडे. ‘फिरता पत्ता’ म्हणा.

चिकोडीकर : ‘सामाईक पत्ता’? सामाईक विहीर आपल्याकडे सगळ्यांना कळते.

निपाणीकर : सामाईक विहिरीवर दोन पंप एकदम चालतात. इथे दोन मशीननी एकदम पत्ता धरला की घोटाळा, काही पॅकेट इकडे, काही तिकडे. ‘स्प्लिट-ब्रेन’ला मी ‘एका पत्त्याचे दोन धनी’ म्हणेन. बहुतेक वेळा कारण एकच : दोघांना एकमेकांचा आवाज पोचत नाही. मशीन ज्या प्रोटोकॉलने एकमेकांना ‘मी चालू आहे’ असे कळवतात तो व्हीआरआरपी. हा टीसीपी नाही, यूडीपीही नाही. तो आयपीचा ११२ क्रमांकाचा प्रोटोकॉल आहे. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडच्या फायरवॉलच्या नियमांत) ११२ नंबरचे पोर्ट उघडून काही होत नाही, प्रोटोकॉल ११२ उघडावा लागतो.

बेळगावकर : नामापेक्षा क्रियापद नीट ठरवा. ऑफिसच्या लॅनवर मशीन पत्ता ‘घेते’ : ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे ‘हा पत्ता आता माझ्याकडे’ अशी कोणी न विचारता दिलेली सूचना, पाठवते आणि शेजारी आपापल्या नोंदी बदलतात. क्लाउडात हे पुरत नाही, तिथे पत्ता ‘वळवावा’ लागतो. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडातल्या साध्या व्हीपीसीत (खाजगी नेटवर्कात) व्हीआरआरपीचा २२४.०.०.१८ हा मल्टिकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना जाणारा पत्ता, चालत नाही, म्हणून कीपअलाइव्हडमध्ये (व्हीआरआरपी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) युनिकास्ट पीअर, म्हणजे थेट निरोपाचा जोडीदार, म्हणून समोरच्या मशीनचा पत्ता लिहायचा. मशीन मास्टर (पत्ता धरणारी) होताच, स्थिती बदलली की चालणाऱ्या नोटिफाय स्क्रिप्टने क्लाउडच्या एपीआयला सांगून सेकंडरी प्रायव्हेट आयपी आपल्या इंटरफेसवर ओढायचा, ‘पुनर्नेमणूक चालेल’ हा पर्याय देऊन. मशीनच्या रोलला तेवढी परवानगी नसेल तर लॉगमध्ये ‘मास्टर’ दिसते आणि ट्रॅफिक मात्र बंद मशीनकडेच जात राहते. तिथला सबनेट (पत्त्यांचा गट) एकाच झोनचा, म्हणजे डेटा सेंटरांच्या एकाच विभागाचा, असतो. पत्ता दुसऱ्या झोनला न्यायचा तर व्हीपीसीबाहेरचा पत्ता घेऊन रूट टेबलमधली (पॅकेटांच्या वाटेच्या तक्त्यातली) नोंद बदला आणि सोर्स-डेस्टिनेशन चेक (पॅकेट याच मशीनचे आहे का ही तपासणी) दोन्हीकडे बंद ठेवा.

चिकोडीकर : ओपनस्टॅकमध्ये (क्लाउड उभारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पोर्ट सिक्युरिटी अनोळखी पत्त्याची पॅकेट टाकून देते, दोन्ही मशीनच्या पोर्टांवर (इथे पोर्ट म्हणजे मशीनची नेटवर्क-जोडणी) ‘अलाउड ॲड्रेस पेअर्स’, म्हणजे परवानगीचे जादा पत्ते, लावावे लागतात. शिवाय तिथे ‘फ्लोटिंग आयपी’ म्हणजे नॅटने (पॅकेटवरचा पत्ता बदलून) जोडलेला बाहेरचा पत्ता. तो ‘फिरता’शी गल्लत करेल, म्हणून टिपणात तो मूळ नावानेच ठेवा.

खानापूरकर : पटले. आणि ‘अखंड सेवा’?

बेळगावकर : चुकीचे, सेवा मध्ये खंडतेच. मास्टरची दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ अशी एक जाहिरात; ती थांबली की, प्राधान्य १०० असेल तर, बॅकअप (राखीव मशीन) सुमारे ३.६ सेकंद थांबते. चालू टीसीपी जोडण्याही बहुधा तुटतात. ‘हाय अव्हेलेबिलिटी’ तसेच ठेवा, ‘उच्च उपलब्धता’ कोणी बोलत नाही. ‘नोप्रीएम्प्ट’ (बंद पडलेली मशीन पुन्हा सुरू झाली तरी पत्ता दुसरीकडेच ठेवणारा पर्याय) यासाठी मात्र ‘पत्ता परत न घेणे’ छान बसते; तो लावताना दोन्ही मशीनची सुरुवातीची स्थिती बॅकअप लिहायला सांगा, एकीवर मास्टर लिहिले तर तिथे तो लागू होत नाही.