गिअरबॉक्स खोलून बांधावा की दुसरा चढवावा?

गूळवाला, शाहूपुरी
गुळाचे रवे वाहणारी माझी पिकअप महिनाभर तिसऱ्या गिअरला करकरते आहे, आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की तो गिअर आपोआप निसटतो. ऑइल काढले तेव्हा त्यात पितळेची सोनेरी चकाकी होती. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मात्र पोलादाचा तुकडा नव्हता. मिस्त्री खोलून बांधा म्हणतो, तर धाकटा भाऊ जुन्या बाजारातला तयार गिअरबॉक्स चढवून मोकळे व्हा म्हणतो.

उद्यमनगरकर
पितळ दिसते याचा अर्थ सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना दोन्ही भागांचा वेग जुळवणारी पितळी कडी, झिजली आहे. गिअर निसटतो त्याअर्थी गिअरला शाफ्टशी अडकवणाऱ्या स्लीव्हचे दात गोलावले असतील किंवा ती स्लीव्ह सरकवणारा फोर्क झिजला असेल, आणि हे सारे सुटे भाग मिळतात. जुन्या बाजारातल्या गिअरबॉक्सने आधी कोणता घाट आणि किती ओव्हरलोड सोसला, हे विकणाराही सांगू शकत नाही; मग आपल्या ओळखीचे दुखणे देऊन अनोळखी दुखणे का घ्यावे?

घाटकरी
मी असेच बांधून घेतले आणि चार महिन्यांत पस्तावलो. पुन्हा उघडल्यावर दिसले की हाउसिंगमधले, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचातले, बेअरिंगचे घर सैल होते आणि त्याच्या कडेने पंचाचे टोचे मारून बेअरिंग कसेबसे घट्ट बसवले होते. गुऱ्हाळे पेटलेली असताना गाडी दोनदा उभी राहिली. जुना नकोच, पण परवडत असेल तर कंपनीचा नवा घ्यावा.

उद्यमनगरकर
तो दोष बांधणीचा नव्हे, टोच्यांचा आहे. घर बोअर करून, म्हणजे आतून कातून मोठे करून, त्यात बुश, म्हणजे धातूची घट्ट कडी, बसवता येतो आणि लेथ-फाउंड्रीच्या या कोल्हापुरात ते काम नवे नाही.

घाटकरी
बुश बसतो, पण समोरासमोरच्या दोन घरांची रेषा केसभर चुकली तरी गिअर रडू लागतात आणि नव्या बेअरिंगचेही आयुष्य घटते. त्या कामाची हमी लेखी देणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

गूळवाला, शाहूपुरी
म्हणजे निकाल गिअरवर नसून हाउसिंगवर आहे. माझ्यासमोर उघडायला सांगतो. घर शाबूत असेल तर बांधणी, सैल असेल तर बुशच्या नादाला न लागता नवा.

घाटकरी
हे पटले. गिअरबॉक्स खाली उतरतोच आहे, तर क्लच प्लेट आणि क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंगही तेव्हाच पाहून घ्यावे, कारण उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा कोणी माफ करत नाही.