मदत हवी आहे : कोकणातल्या घरी फायबर घ्यावं की एअरफायबर?

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत आईवडिलांचं घर आहे. पावसाळाभर तिथे राहून ऑफिसचं काम करायचं आहे : दिवसभर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), रोज दोन-तीन तास व्हिडिओ कॉल. स्थानिक केबलवाला बीएसएनएलचं फायबर देतो म्हणतो, पण शेवटचा खांब घरापासून ४०० मीटरवर आहे. दुसरा पर्याय ५जी एअरफायबरचा, म्हणजे छतावरच्या डब्याने मोबाइल टॉवरवरून बिनतारी इंटरनेट घेण्याचा. टॉवर समोरच्या डोंगरावर दिसतो. घर जांभ्या चिऱ्याचं, वीज वरचेवर जाते. काय घ्यावं? जोडणीच्या वेळी काय बघावं?

प्रतिसाद १

फायबर घ्या. ४०० मीटरची धास्ती नको. काचेच्या तारेत किलोमीटरमागे अर्धा डीबीसुद्धा (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) घट होत नाही. मोठी घट स्प्लिटरमध्ये (एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणारा भाग) होते : एका तारेचे ३२ भाग केले की साधारण १७ डीबी तिथेच जातात. उरलेलं नुकसान सांधे, कनेक्टर आणि करकचून वळवलेली केबल करते. म्हणून खांबापासून घरापर्यंत अखंड ड्रॉप केबल (खांबावरून घरात येणारी केबल) मागा, मध्ये जोड नको. दोन्ही टोकं स्प्लाइसिंग मशीनवर वितळवून जोडायला सांगा. हाताने दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर उन्हाळ्यात चालतो, पावसाळ्यात ओल धरतो.

जोडणी करणारा माणूस निघायच्या आधी त्याच्या पॉवर मीटरवर (तारेतून येणारा प्रकाश मोजायचं यंत्र) १४९० नॅनोमीटरचं, म्हणजे घराकडे येणाऱ्या प्रकाशाचं, रीडिंग बघा. −१५ ते −२२ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) उत्तम. −२५ च्या पलीकडे गेलं तर पुन्हा जोडायला लावा, कारण बहुतेक मोडेमची हद्द −२७ च्या आसपास संपते. इथेच लोक फसतात : −२६ वर सगळे दिवे हिरवे असतात, स्पीड टेस्टही पूर्ण येते. मग पहिल्या वादळात फांदी केबलवर टेकते, एक-दोन डीबी कमी होतात आणि एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो. रीडिंग लिहून ठेवा. पुढे तक्रार करताना 'नेट चालत नाही'पेक्षा 'आधी −१९ होतं, आता −२६ आहे' हे सांगितलंत तर ऐकणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं. बऱ्याच मोडेमच्या सेटिंगच्या पानावरही 'आरएक्स पॉवर' म्हणून हेच रीडिंग दिसतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, एक भर. पैसे देण्याआधी विचारा की स्प्लाइसिंग मशीन कुणाकडे आहे, तालुक्यात की रत्नागिरीत? झाड पडून केबल तुटली तर दुरुस्ती तासांत होणार की दिवसांत, ते यावर ठरतं. उत्तर गुळमुळीत मिळालं तर एअरफायबरचा विचार जरूर करा. टॉवर थेट दिसत असेल तर ते चांगलं चालतं. त्याचा त्रास वेगळा : संध्याकाळी टॉवरवर गर्दी वाढली की वेग घसरतो, आणि टॉवरची बॅटरी संपली की घरातल्या इन्व्हर्टरचा उपयोग नाही.

विजांचंही बघा. काच वीज वाहत नाही, पण ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असते. ती भिंतीबाहेर हुकाला बांधून तिथेच संपवा, मोडेमपर्यंत आणू नका. एअरफायबरच्या छतावरच्या डब्यातून तांब्याची केबल थेट घरात येते. वादळाची चिन्हं दिसली की गडगडाट सुरू होण्याआधीच ती काढून ठेवा.

धागाकर्ता

फायबरच बघतो. मोडेम पडवीत, काम माजघरापलीकडच्या खोलीत. वायफाय पोचेल का? आणि वीज गेल्यावर?

प्रतिसाद १

चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याची आशा धरू नका. २.४ पोचेल, पण कॉल अडखळेल. रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घेऊ नका. त्याला मिळतो तोच सिग्नल मुळात कमजोर असतो. कॅट-६ केबल खोलीपर्यंत ओढा आणि तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (तारेने आलेलं नेट फक्त वायफायवर देणारा) लावा. लॅपटॉप तारेनेच जोडलात तर सर्वांत बरं. गिगाबिट पोर्ट असूनही वेग ९५ एमबीपीएसच्या आसपास अडकला, तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी टोकाच्या प्लगमध्ये नीट दाबून बसलेली (क्रिम्प) नाही असं समजा.

विजेसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. आधी मोडेमच्या अ‍ॅडाप्टरवर १ अँपिअर लिहिलंय की २, ते वाचून तेवढ्या क्षमतेचा घ्या. अ‍ॅक्सेस पॉइंटलाही वेगळा लागेल, हे बरेचदा विसरलं जातं.

प्लॅन निवडताना अपलोड किती ते विचारा; कॉलमध्ये तुमचा आवाज आणि चित्र त्यावरूनच जातं. व्हीपीएन जोडलं जातं पण काही पानं अर्धवट उघडून थांबतात, असं झालं तर व्हीपीएनचा एमटीयू (एका पाकिटाचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा, कमाल आकार) १४०० करून बघा. पीपीपीओई जोडणीत (युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारी) मोठी पाकिटं अडकतात, त्याचंच ते लक्षण.