इजिप्ती भूमिकाखेळ : तुमचे अनुभव सांगा

वाळूघड्याळ

कपाट आवरताना वीस बाजूंचा फासा सापडला, म्हणून हा धागा. प्राचीन इजिप्तवर बेतलेल्या भूमिकाखेळांत (एखादं पात्र होऊन खेळायचे खेळ), कॉम्प्युटरवर किंवा टेबलावर, तुमचं काय झालं ते लिहा. ममी मागे लागली एवढंच असेल तरी चालेल.

माझं आधी. 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स', २०१७चा कॉम्प्युटरवरचा खेळ. सिवाचा बायेक पोराच्या खुनाचा सूड घ्यायला निघतो. मी मात्र सूडबिड सोडून महिनाभर नाईलमध्ये होडी वल्हवत होतो. काळ टॉलेमींचा, म्हणजे क्लिओपात्राच्या घराण्याचा, त्यामुळे बायेक गिझाला पोचतो तेव्हा खुफूचा पिरॅमिड अडीच हजार वर्षं जुना असतो. तोही आपल्यासारखा बघ्याच! आई मागे बसून बघायची, मारामारी आली की उठून जायची. २०१८मध्ये मारामारी वगळलेली डिस्कव्हरी टूर आली, ७५ सहलींची. ममी कशी करत ती सहल आईने दोनदा पाहिली. "मेंदू फेकून देतात आणि काळीज तेवढं आत ठेवतात," म्हणाली, "बरोबर आहे."

परदेशी पाहुणी

न्यू जर्सी, २००४चा हिवाळा. 'अ टेल इन द डेझर्ट' हा ऑनलाइन खेळ खेळायचे. त्यात तलवारच नाही. जवस पेरा, उपटा, पाण्यात कुजवा, वाळवा. गवत, चिखल, वाळू कालवून विटा पाडा. नवरा विचारायचा, आज काय केलंस? विटा पाडल्या. गावी आजोबांची वीटभट्टी होती, तिथे चिखलात कधी बोट घातलं नाही! कायदेही खेळाडूच मांडायचे आणि मतदान व्हायचं. भांडणं थेट सोसायटीच्या मीटिंगसारखी.

शनिवारचा डीएम

आमचं टेबल पुण्यात, दर शनिवारी. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. सहा महिने मंडळींनी थडगी लुटली, म्हणून शेवटी त्यांना मृतांचा देव ओसायरिस याच्या दरबारात नेलं. तिथे ४२ देवांपुढे 'मी हे केलं नाही' असं म्हणत जायचं. मग एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी माअत हिचं पीस. हृदय जड भरलं तर मगरतोंडी अम्मित ते गिळते. ठरवलं, आज फासे नाहीत. जुन्या मजकुरातली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून नेली.

'मी चोरी केली नाही'ला सगळे खो खो हसले. 'वाहत्या पाण्याला मी बांध घातला नाही' ही चिठ्ठी नगरच्या मित्राला आली. तो वाचेचना. म्हणाला, "दुसरी दे. पाटाच्या पाळीला रात्री शेजाऱ्याचं पाणी वळवलंय आम्ही. फोडलं काकांनी, पण बॅटरी मी धरली होती." अरे, पात्राचं विचारतोय, तुझं नाही! पण चिठ्ठी त्याने घेतली नाहीच.

मग आमच्या चोरणीने पिशवीतून हृदयाचा भुंगा काढला. तिसऱ्या खेळात एका ममीच्या छातीवरून उचललेला. मी तेव्हा नुसती किंमत सांगितली होती आणि विसरलो होतो. ती मात्र वाचून आली होती. असे दगडी भुंगे खरोखरच ठेवत, आणि वर मंत्र कोरत : हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. नियमाने तिला अडवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. एवढंच म्हणालो, "रांगेत तुझ्या पुढे एक म्हातारा उभा आहे. त्याची छाती उघडी आहे, हात रिकामे."

बराच वेळ ती गप्प होती. मग भुंगा म्हाताऱ्याच्या हातात दिला.

नगरकर ओरडला, "अगं ए, विकायचा होता तो!"

वाळूघड्याळ

आणि पारडं?

शनिवारचा डीएम

दहा वाजले होते, वॉचमन गेट लावायला आला. पुढच्या शनिवारी.