शब्दचर्चा : येशूचं पुनरागमन आणि ईसांचं नुझूल

मूळ प्रश्न

एका लेखाचं मराठीकरण हाती घेतलंय. येशू पुन्हा पृथ्वीवर येणार ही श्रद्धा ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघांतही आहे, असा त्याचा विषय. दोन्हीकडे 'पुनरागमन' चालेल का? एका स्नेह्यांचं म्हणणं पडलं की मुसलमान 'नुझूल' म्हणतात आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. शोधताना 'द्वितीयागमन' सापडलं, एका दैनिकात तर 'येशूचा दुसरा अवतार' असंही वाचलं. यातलं काय कुठे वापरावं? आणि आम्ही नागपूरकर 'नझूलची जागा' म्हणतो, त्याचा या नुझूलशी काही संबंध आहे की नुसतंच नामसाधर्म्य?

प्रतिसाद

'दुसरा अवतार' आधी बाद करा. अवतार म्हटलं की मराठी वाचकाला दशावतार आठवतात. देव एकच, पण देह दर वेळी नवा. येशूबद्दल दोन्ही धर्मांचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. मरियमच्या पोटी जो जन्मला तोच येणार, पुन्हा जन्म घेणार नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि चाळीस दिवसांनी स्वर्गात घेतला गेला. बहुसंख्य मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे ईसांना (येशूला ते याच नावानं ओळखतात) क्रुसावर मृत्यू आलाच नाही, अल्लाहनं त्यांना जिवंतच वर उचलून घेतलं. म्हणजे पुनर्जन्म कुणीच मानत नाही, आणि क्रुसानंतरचं पुनरुत्थान फक्त ख्रिस्ती बाजूला आहे. ईस्टरच्या बातम्यांत पुनरुत्थान आणि पुनरागमन यांची सर्रास गल्लत केलेली असते, तीही टाळा. ख्रिस्ती माणसासाठी पुनरुत्थान होऊन गेलेलं आहे, पुनरागमन व्हायचं आहे.

आता 'पुनरागमन'. नव्या करारात या घटनेसाठी सर्वांत जास्त गाजलेला ग्रीक शब्द 'पारूसिया'. तो तिथे २४ वेळा येतो, आणि दर वेळी येशूबद्दलच येतो असंही नाही. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाला तीत हा सहकारी येऊन भेटला, ती पारूसियाच. मूळ अर्थ 'जवळ असणं', हजेरी. उलट शब्द 'आपूसिया', गैरहजेरी. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानं दोन्ही एकाच वाक्यात वापरलेत. पण त्या काळच्या ग्रीक बोलणाऱ्या माणसाला या शब्दात आणखी काही ऐकू यायचं. राजा किंवा बादशहा एखाद्या शहराला भेट देई, त्या भेटीलाही पारूसियाच म्हणत. इजिप्तमध्ये टॉलेमी राजांच्या अमदानीतले पपायरसचे कागद मिळालेत, त्यांत राजाच्या पारूसियासाठी धान्य आणि पैसा गोळा केल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे 'महाराजांची स्वारी आली' म्हणत आणि गावाला सरबराईला उभं राहावं लागे, तीच या शब्दाची जात.

हे लक्षात घेतलं की थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं चित्र एकदम उलगडतं. हे पत्र साधारण इ.स. ५० च्या सुमाराचं, म्हणजे नव्या कराराच्या सर्वांत जुन्या लिखाणापैकी. त्यात पौल लिहितो की प्रभू आकाशातून उतरेल, मेलेले आधी उठतील आणि जिवंत उरलेले त्याला भेटायला अंतराळात घेतले जातील. 'भेटायला' या जागी ग्रीकमध्ये 'आपांतेसिस' आहे. पाहुणा मोठा असला की नगरातले लोक वेशीबाहेर सामोरे जाऊन त्याला मिरवत आत आणत, त्याला हा शब्द वापरत. थेस्सलनीका ही रोमच्या मासेदोनिया प्रांताची राजधानी. तिथल्या माणसाला बादशहाची स्वारी म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको होतं. रोमच्या सत्तेनं ज्याला गुन्हेगार म्हणून क्रुसावर दिलं, त्याच्या येण्याला पौल बादशहाच्या स्वारीचा शब्द लावतो, यातलं धाडस बघा.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचं असं की पारूसिया शब्दात 'पुन्हा' कुठेच नाही. मराठी पवित्र शास्त्रातही मत्तय २४ मध्ये शिष्य विचारतात ते 'आपल्या येण्याचे' चिन्ह काय, असंच. नुसतं येणं. 'दुसऱ्यांदा' हा शब्द इब्री लोकांस पत्रात ९:२८ ला भेटतो. दोन आगमनं, एक हीनदीन आणि एक वैभवी, अशी मांडणी ठसठशीतपणे केली ती दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकानं. नायसीयाच्या श्रद्धाकथनाचं इ.स. ३२५ चं रूप पाहिलं तर तिथे 'जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास येणारा' एवढंच आहे. 'पुन्हा' आणि 'वैभवानं' हे शब्द आज म्हटल्या जाणाऱ्या, ३८१ च्या रूपात आहेत. तेव्हा 'पुनरागमन' चुकीचं अजिबात नाही, त्याला सोळा शतकांचा आधार आहे. फक्त पौलाच्या पत्रांवर लिहिताना 'आगमन' किंवा साधं 'येणं' जास्त नेमकं बसतं.

या एका शब्दावरून पंथही वेगळे झालेत. यहोवाचे साक्षीदार पारूसियाचं भाषांतर आग्रहानं 'उपस्थिती' असं करतात आणि ती १९१४ पासून अदृश्यपणे सुरू झाली असं मानतात. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी येशूच्या येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. ती टळल्यावर जे सावरले त्यांच्यातून सेवंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट उभे राहिले. पुण्यात औंध रस्त्यावरच्या स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठाच्या पाटीवर जो 'अ‍ॅडव्हेंट' आहे, तो हाच. पारूसियाला लॅटिनमध्ये 'अद्वेंतुस' म्हणत.

वसईहून

एक भर घालतो. आम्ही कॅथलिक नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाला 'आगमनकाळ' म्हणतो. बाहेरच्यांना वाटतं ती फक्त बाळ येशूच्या जन्माची तयारी. पण या काळाच्या पहिल्या रविवारची वाचनं गव्हाणीची नसतात, जागे राहा, तो येतो आहे, अशी असतात. एकाच 'आगमन' शब्दात दोन्ही येणी आहेत, आणि आम्हाला ते सोयीचं वाटतं. प्रॉटेस्टंट मंडळींच्या तोंडी 'दुसरे आगमन' आणि 'प्रभूचे येणे' जास्त ऐकलंय. 'द्वितीयागमन' मी छापलेलं पाहिलंय, कुणाच्या बोलण्यात आलेलं आठवत नाही.

'मारानाथा' शब्दावरही कुणीतरी लिहा.

प्रतिसाद

तोही फार मोलाचा आहे. पौलानं करिंथकरांस पहिलं पत्र लिहिलं ग्रीकमध्ये, पण संपवता संपवता हा एक अरामी शब्द तसाच ठेवला. येशूची स्वतःची बोली अरामी. ग्रीक करिंथमध्ये हा शब्द भाषांतर न करता चालत होता, म्हणजे तो जेरुसलेमकडच्या अगदी पहिल्या मंडळींच्या प्रार्थनेतून आलेला असणार. फोड दोन प्रकारे होते. 'मारान अथा' म्हणजे आमचा प्रभू आला आहे. 'माराना था' म्हणजे आमच्या प्रभो, ये. जुन्या हस्तलिखितांत शब्द तोडून लिहीत नसत, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून निकाल लागत नाही. नव्या कराराच्या शेवटच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या अखेरीस 'ये, प्रभू येशू' अशी हाक आहे, तिच्यावरून बहुतेक अभ्यासक दुसरी फोड धरतात. मलाही तीच पटते. ही बातमी नाही, विनवणी आहे.

आता नुझूल. अरबी धातू न-झ-ल, अर्थ खाली येणं, उतरणं. प्रवासी मुक्कामाला उतरतो तेही. 'मंझिल' म्हणजे उतरण्याची जागा, त्यावरून आपलं 'मजल दरमजल' आणि 'दुमजली'. नागपूरची नझूलही तिथलीच: वारस नसल्यामुळे किंवा जप्त होऊन सरकारकडे 'उतरलेली' जमीन. तेव्हा तुमचा तर्क बरोबर आहे. कुराण अल्लाहकडून उतरलं, त्यालाही नुझूलच म्हणतात.

पण ईसांच्या उतरण्यासाठी हा शब्द कुराणात नाही, तो हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेतून, आला आहे. बुखारीच्या संग्रहात पैगंबरांचं वचन आहे: मरियमपुत्र तुमच्यात उतरतील आणि तुमचा इमाम तुमच्यातलाच असेल, तेव्हा तुमची काय अवस्था असेल? 'सहीह मुस्लिम' या दुसऱ्या हदीससंग्रहातलं वर्णन तर डोळ्यांपुढे उभं राहतं. दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मनोऱ्यापाशी, केशरी छटेची दोन वस्त्रं नेसून, दोन फरिश्त्यांच्या पंखांवर हात ठेवून ते उतरतील; मान खाली केली की केसांतून थेंब टपकतील, वर केली की मोत्यांसारखे ओघळतील. मग लुद्दच्या वेशीपाशी ते दज्जालला, म्हणजे स्वतःला देव म्हणवणाऱ्या महाठकाला, गाठून ठार करतील. लुद्द म्हणजे आजच्या इस्रायलमधलं लोद. दमास्कसच्या उमय्यद मशिदीच्या एका मनोऱ्याला आजही 'ईसांचा मनोरा' म्हणतात.

इथे 'रुजू' शब्द का नाही, हे पाहण्यासारखं आहे. 'कामावर रुजू झाले' मधला आपला रुजू अरबी 'रुजूअ' म्हणजे परतणं. शिया परंपरेत 'रजआ' ही वेगळी संकल्पना आहे, काही मृतांनी कयामतीपूर्वी परत येणं. ईसांसाठी मात्र रूढ झालं ते नुझूल. ते मेलेच नाहीत, वर आहेत, तिथून खाली येतील. म्हणून मुस्लिम संदर्भात 'पुनरागमन' ऐवजी 'ईसांचं उतरणं' लिहा आणि पहिल्या उल्लेखाला 'नुझूल' द्या. 'अवतरण' व्युत्पत्तीनं तंतोतंत बसतं, पण अवतार इतका जवळ आहे की वाचक तिकडेच जाईल.

सोलापूरहून

मनोरा आणि लुद्द यांची माहिती बरोबर दिलीत, पण ते कशासाठी येणार हे राहून गेलं. आमच्या श्रद्धेत हजरत ईसा अलैहिस्सलाम न्यायी शासक म्हणून येतील, नवा धर्म घेऊन येणार नाहीत. नमाज इमामाच्या मागे उभे राहून पढतील. क्रूस मोडतील, म्हणजे आपल्याला देवाचा पुत्र मानू नका हे स्वतःच सांगतील, असा अर्थ आमचे उलेमा लावतात. मग इतर माणसांसारखी त्यांची वफात म्हणजे मृत्यू होईल, जनाज्याची नमाज होईल. कयामतीच्या दिवशी न्याय करणारा अल्लाहच. ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेत येणारा स्वतःच न्यायाधीश आहे. हा फरक लेखात यायलाच हवा.

प्रतिसाद

अगदी मर्मावर बोट ठेवलंत, आणि 'वफात' शब्द काढलात तेही बरं झालं, कारण सगळा वाद त्याच धातूवर आहे. कुराणात ३:५५ ला अल्लाह ईसांना म्हणतो, 'इन्नी मुतवफ्फीक व राफिउक इलय्य'. दुसरा भाग सरळ आहे: तुला माझ्याकडे वर घेणारा. पहिल्या भागातला धातू व-फ-य, अर्थ पुरं करणं, पूर्ण ताब्यात घेणं. वफादार आणि बेवफा यांतला तोच, आणि बारावफातमधलाही तोच. रोजच्या वापरात त्याचा अर्थ मृत्यू देणं. पण कुराणातच ६:६० आणि ३९:४२ ला तो झोपेत आत्मा ताब्यात घेण्यासाठी आला आहे. बहुतेक भाष्यकार म्हणून इथे 'तुला पूर्णपणे घेणारा' असा अर्थ करतात, काही 'आधी वर घेणं, मृत्यू पुढे कधीतरी' असा क्रम लावतात. अहमदिया पंथाचे संस्थापक, कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनी मृत्यू हाच अर्थ धरला. ईसा नैसर्गिक मरणानं गेले, श्रीनगरच्या खानयार भागातली रोझाबल ही त्यांची कबर, आणि ज्या मसीहाचं वचन दिलं होतं तो मीच, असा त्यांचा दावा. बाकीच्या मुस्लिम जगाला तो मान्य नाही. 'येशू काश्मिरात' छापाचे जे लेख मराठीत अधूनमधून येतात, त्यांचा एक मोठा झरा हा आहे, हे लेखकांनी सांगायला हवं. पण शंका फक्त मिर्झांनीच घेतली असं नाही. पुढे कैरोच्या अल-अझहर या विद्यापीठाचे प्रमुख झालेले महमूद शल्तूत यांनी १९४२ मध्येच मत दिलं होतं की देहासह वर नेण्याला कुराणात निर्णायक आधार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

खूप मदत झाली. आणखी दोन शंका. 'दज्जाल'ला 'ख्रिस्तविरोधी' लिहू का? आणि वरच्या प्रतिसादांत येशूला 'तो' आणि ईसांना 'ते' असं आलंय. लेखात एकच ठेवू ना?

प्रतिसाद

दज्जालला दज्जालच ठेवा. 'ख्रिस्तविरोधी' हा योहानाच्या पत्रांतला शब्द आणि तिथे तो अनेकवचनातही येतो, पुष्कळ ख्रिस्तविरोधी उठले आहेत असा. दज्जाल मात्र एकच, एका डोळ्यानं अधू, स्वतःला देव म्हणवणारा. शब्द सीरियाकमधल्या 'दग्गाला', खोटारडा, याच्या घरातला. सीरियाक बायबलात खोट्या ख्रिस्तांसाठी तोच आहे. अडचण मराठीची आहे. आपल्याकडे 'दज्जाल' केव्हाच घरगुती झाला आणि कजाग बाईचं विशेषण होऊन बसला. 'दज्जाल सासू' वाचत आलेल्या वाचकाला लुद्दच्या वेशीवरचा दज्जाल कळायचा नाही, म्हणून पहिल्या उल्लेखाला एक वाक्य खर्च करा.

'तो' आणि 'ते' मात्र एक करू नका, तशीच राहू द्या. मराठीत आपण विठोबाला अरे-तुरे करतो आणि ज्ञानेश्वर महाराजांना 'ते' म्हणतो. मराठी ख्रिस्ती येशूला 'तो' म्हणतात, कारण तो त्यांचा देव. मराठी मुसलमान अल्लाहला 'तो' म्हणतात आणि ईसांना 'ते', कारण ते पैगंबर. सोलापूरकरांनी सांगितलेला फरक मराठी क्रियापदातच आहे. ख्रिस्ती परिच्छेदात 'येशू येईल' आणि मुस्लिम परिच्छेदात 'हजरत ईसा उतरतील' असं लिहा. संपादकांनी एकवाक्यतेसाठी बदलायला सांगितलं तर हे कारण त्यांना सांगा. आणि तुमच्या लेखातल्या सगळ्या 'इसवी सनां'ना हात लावू नका. तो 'इसवी' ईसांच्या नावावरूनच आलेला आहे.