तीन रमाबाई आणि आपली फूटपट्टी

मुळा_काठ:
पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), रमाबाई रानडे (१८६२–१९२४), रमाबाई आंबेडकर (निधन १९३५). माझ्या मते तिघींत सर्वांत मोठं काम पंडिताबाईंचं, आणि नेमक्या त्यांनाच आपण दूर लोटलं. कारण एकच, १८८३ साली इंग्लंडमध्ये घेतलेला बाप्तिस्मा. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली, १८९० मध्ये ती पुण्याला आली. तिथे शिकलेली बालविधवा गोदूबाई म्हणजेच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. १८९३ मध्ये मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 'केसरी'ने झोड उठवली. रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी केडगावला मुक्ती सदन उभारलं, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली मध्य प्रांतातून आणून सांभाळल्या. हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, त्याच्या छपाईचे खिळेही तिथल्याच बायकांनी जुळवले. शाळेत यातलं कितीसं शिकवलं आपल्याला?

सातारकर:
कामाबद्दल दुमत नाही, पण त्या पालकांना खलनायक करू नका. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या शब्दावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. तो विश्वास तुटला असं त्यांना वाटलं तर नवल काय? मला रमाबाई रानडे जास्त मोठ्या वाटतात. अकराव्या वर्षी लग्न, नवरा, म्हणजे न्यायमूर्ती रानडे, तिशी ओलांडलेला बिजवर. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, पण वडिलांपुढे नमून कुमारिकेशी लग्न केलेला. घरातल्या बायकांचे टोमणे ऐकत, उलट उत्तर न देता शिकल्या. पुढे सेवासदनातून शिक्षिका आणि परिचारिका घडवल्या. समाजाला सोबत घेऊन काम करणं जास्त कठीण असतं.

मुळा_काठ:
ते टोमणे कशापायी होते? १८८२ मध्ये पुण्यात पंडिताबाईंनी आर्य महिला समाज काढला, तिथे रानडेबाई जायच्या म्हणून! 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. एकीला मोठं करायला दुसरीला खाली का ओढायचं?

वणंदची_लेक:
तुम्ही दोघंही संस्था आणि पुस्तकं मोजताय. रमाईंकडे दोन्ही नव्हतं. बाबासाहेब लंडनला असताना शेण गोळा करून, गोवऱ्या थापून त्यांनी घर चालवलं. पाच लेकरांपैकी एकटे यशवंत जगले. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला, त्यात तिच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल आणि सोबत सोसण्याच्या तयारीबद्दल लिहिलं. हे काम नाही तर काय?

सातारकर:
रमाईंबद्दल आदरच आहे. पण 'त्यागमूर्ती' म्हणून फक्त सोसण्याचा गौरव केला की आजच्या मुलींनाही सोसायलाच सांगितलं जातं. ही भीती खरी आहे.

वणंदची_लेक:
ती भीती तुमच्या घरात असेल, दादा. आमच्याकडे रमाईचं नाव घेऊन बाया पोरींना शिकायला पाठवतात, सोसायला नाही. घाटकोपरच्या वस्तीला लोकांनी त्यांचं नाव दिलं. १९९७ मध्ये तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. ते गप्प सोसणारे नव्हते. पंडिताबाई धड्यात याव्यात, हे मला शंभर टक्के मान्य. पण त्याच धड्यात गोवऱ्या थापणारी रमाईही हवी, आणि 'अमक्यांच्या पत्नी' एवढ्या एका ओळीत नको.