पिकअपच्या हौद्यातून दोन मोठी कुत्री न्यायची आहेत, काय काळजी घ्यावी?

पायवाट:
आम्ही घर बदलतोय. जवळपास साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता आहे, त्यातला बराचसा हायवे. गाडी सिंगल केबिनची पिकअप. केबिनमध्ये मी, बायको आणि मुलगी, म्हणजे तिथे जागा संपली. सामान वेगळ्या ट्रकने जाणार, त्यामुळे हौदा पूर्ण रिकामा असेल. आतून अडीच मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद आहे.

कुत्री दोन. भालू जर्मन शेफर्ड, ३६ किलोचा, मोटारसायकल दिसली की कठड्यावर पुढचे पाय टाकून भुंकणारा. राणी ग्रेट डेन, ५८ किलोची, स्वभावाने गरीब पण वयामुळे मागचे पाय थोडे आखडतात. ओळखीच्या एकाने सांगितलं की दोन्ही बाजूंच्या कड्यांना साखळीने बांधा, खाली गोणपाट टाका, आरामात जातील. मला ते पटत नाहीये. ज्यांनी मोठी कुत्री लांबवर नेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

लांबपल्ला:
पायवाटदादा, पटलं नाही ते बरंच झालं. मी प्राण्यांच्या निवारा केंद्रासाठी गाडी चालवतो आणि बहुतेक वेळा मागे मोठीच कुत्री असतात. गळपट्ट्याला साखळी लावून हौद्यात बांधलेलं कुत्रं बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते कठड्यावरून बाहेर उडी मारतं, साखळी जमिनीपर्यंत पोचत नाही आणि गळफास बसतो. साखळी जरा लांब असली तर ते चाकाशी फरफटत जातं. पुढे बसलेल्या माणसाला इंजिनच्या आवाजात काही कळतही नाही. आणि भालूची सवय तुम्हीच लिहिली आहे.

मोकळं सोडायचा तर प्रश्नच नाही. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी आदळून जागीच थांबली, तर मागच्या मोकळ्या जिवाला बसणारा तडाखा साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. नुसता जोरात ब्रेक मारला तरी ५८ किलोची राणी केबिनच्या मागच्या पत्र्यावर जाऊन आपटेल.

म्हणून क्रेट, म्हणजे कुत्र्याला आत ठेवायची दाराची मजबूत पेटी. प्रत्येकाला वेगळा. एकत्र कितीही गुण्यागोविंदाने राहत असली तरी वळणावर एक दुसऱ्याच्या अंगावर पडतं आणि मग चावाचावी होते. क्रेट एवढा हवा की कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता यावं, वळता यावं, पसरून झोपता यावं. त्याहून ऐसपैस नको. जास्त जागा म्हणजे गचका बसल्यावर आपटायला जास्त अंतर. घडीचे तारेचे पिंजरे घरात ठीक, पण जोराचा दणका बसला की त्यांचे कोपरे सुटतात. प्लास्टिकचा घेतलात तर वरचा आणि खालचा भाग जोडणाऱ्या क्लिपा काढून तिथे नट-बोल्ट लावा. राणीच्या मापाचा सहज मिळणार नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचा सांगाडा करून प्लायवूड बसवून घ्या, वरच्या अर्ध्या भागात तिन्ही बाजूंनी जाळी ठेवा. आतून कुठे स्क्रूचं टोक किंवा वेल्डिंगचा काटा राहिलाय का, हे स्वतः हात फिरवून बघा.

क्रेट केबिनला टेकवून, शेजारी-शेजारी, दारं फाळक्याकडे. तिथे ते मागच्या ॲक्सलच्या पुढे येतात आणि हादरे कमी लागतात. फाळक्याजवळ ठेवलेलं कुत्रं प्रत्येक गतिरोधकाला उडतं. काही झालं तर मागून दोन्ही दारं लगेच उघडता आली पाहिजेत, म्हणून उरलेल्या जागेत ‘एवढी एक पेटी’ म्हणूनही काही ठेवू नका. प्रत्येक क्रेटला दोन रॅचेट पट्टे (दांडा मागेपुढे करून घट्ट आवळायचे), हौद्याच्या कड्यांमधून. ताणले जाणारे रबरी हुकवाले दोर इथे कामाचे नाहीत. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, हादऱ्यांनी ते हमखास सैल होतात.

तळाला गोणपाट नको, सरकतं. जाड रबरी मॅट टाका. पाय रोवता आले नाहीत की कुत्रं पूर्ण रस्ता अंग ताठ करून उभं राहतं. राणीच्या पायांना ते अजिबात झेपणार नाही.

पशुसखा:
मी पशुवैद्य आहे, त्यामुळे फक्त तब्येतीपुरतं लिहितो. वर बांधणीबद्दल जे लिहिलंय त्याच्याशी पूर्ण सहमत.

पहिली गोष्ट उन्हाची. कुत्र्याचं शरीराचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की उष्माघात. घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी सगळं धापण्यावर. हौद्याचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो, म्हणून मॅट आणि सावली दोन्ही हवं. पहाटे निघा. सावलीसाठी क्रेटवर हिरवी शेडनेट ताणा. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळू नका. हौद्यावर बंद टप असेल आणि मागची खिडकी उघडी ठेवली असेल तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा आहे.

केबिनमध्ये किंवा बंद गाडीत ‘पाचच मिनिटं’ ठेवणंही नको. बाहेर २१ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० पर्यंत पारा चढतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. निघण्याआधी चार तास जेवण बंद. पाणी थोडं थोडं, दर दोन तासांनी थांबून. रिकामीच ओकारी काढायचा प्रयत्न, पोट टणक, अस्वस्थ येरझाऱ्या, यांतलं काहीही दिसलं तर मुक्कामाची वाट न बघता जवळचा दवाखाना गाठा.

झोपेचं औषध मनाने देऊ नका. गुंगीतल्या कुत्र्याला तोल सावरता येत नाही आणि उन्हात शरीर थंड ठेवणंही जमत नाही. भालू फारच घाबरट असेल तर तुमच्या डॉक्टरांना आधी दाखवा.

केतकी_वन:
राणीला हौद्यातून खाली उडी मारू देऊ नका. एवढं वजन पुढच्या खांद्यांवर आदळतं. आमच्या मॅस्टिफसाठी आम्ही दोन मीटरची फळी घेऊन तिच्यावर जुनं कार्पेट ठोकलं. आधी जमिनीवर आडवी टाकून त्यावरून चालवलं, मग हळूहळू एक टोक उचललं. फळी फाळक्यावरून सरकू नये म्हणून वरच्या टोकाला खाच करा. आणि क्रेटचं दार उघडण्याआधी हात आत घालून हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांना) दोरीचा पट्टा लावा, हायवेच्या कडेला तर नक्कीच. क्रेट मात्र आत्ताच घरात आणून ठेवा, त्यात जेवू द्या, झोपू द्या.

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. साखळीचा विचार पूर्ण सोडला. मापं घेतली. राणीचा क्रेट ९४ सेंटिमीटर रुंद होतोय, भालूचा ७५, म्हणजे शेजारी-शेजारी जेमतेम सहा सेंटिमीटर उरतात. चालेल? शेडनेट, फळी आणि पट्ट्यांची जमवाजमव सुरू केली आहे. हार्नेस प्रवासभर अंगावर ठेवू का?

लांबपल्ला:
सहा सेंटिमीटर पुरे. मधे हवा खेळायला तीनेक सेंटिमीटर ठेवा आणि त्या फटीत वर-खाली लाकडी गुटके ठोका, म्हणजे क्रेट एकमेकांवर घासणार नाहीत. आतल्या बाजूंना पट्टा घालायला हात पोचणार नाही, तेव्हा क्रेट चढवण्याआधीच पट्टे खालून अंथरून घ्या. हार्नेस अंगावर चालेल, पण सैल नको, पंजा किंवा जबडा अडकतो. गळ्यातली साखळी, फासाचा पट्टा काढून टाका. फोन नंबरची पट्टी हार्नेसवर शिवा, आणि त्यावर नव्या घराचा नव्हे, तुमच्या खिशातल्या मोबाईलचा नंबर.